आठ खांबांचा दिवस

घरांचे सांगाडे लाकडाचे असत, त्या काळी सुताराच्या हत्यारांची एक टोळी गावोगाव घरं उभारत हिंडायची. दिवसाला तीन खांब, हा त्यांचा शिरस्ता. कारण खांब उभा केला की तो सरळ आहे का हे पाहायला त्याच्या टोकावरून दोरीचा ओळंबा सोडायचा, आणि तो झुलायचा थांबेपर्यंत कुणीही काम करायचं नाही.

एकदा कळलं की नदीपलीकडची टोळी दिवसाला सात खांब उभे करते. हातोड्याचं टाळकंच फिरलं.

"आपण घाम गाळायचा आणि हा पितळी गोळा मजेत झुलणार!"

"मी झुलतो ते थांबण्यासाठीच, दादा," ओळंबा काकुळतीने म्हणाला. "तेवढं थांबा ना."

"तुझ्या थांबण्याने घरं उभी राहत नाहीत," करवत खेकसली.

त्या दिवशी आठ खांब झाले. ओळंबा पिशवीतच राहिला. घर पुरं झाल्यावर टोळीने त्याला पहिल्याच खांबाच्या टोकाच्या खिळ्याला टांगलं आणि ती पुढच्या गावी निघून गेली.

तेव्हाच खांबाच्या बुंध्यापाशी ओळंबा आणि लाकूड यांच्यात एक बोट फट होती. वर्षभरात खांब आणखी कलला आणि ती तीन बोटं झाली. ओळंबा ओरडून सांगत राहिला, पण माणसांना हत्यारांची भाषा कुठली कळायला?

मग एके दिवशी घरातल्या सुनेने त्या खांबावरच्या तुळईला बाळाचा पाळणा बांधला. झोका देता देता तिची नजर ओळंब्यावर गेली.

"किती शांत आहे बाई हा," ती कौतुकाने म्हणाली, "जरासुद्धा हलत नाही!"

आणि तिने आणखी एक झोका दिला.