अंगठ्याएवढी कोरी जागा

फार वर्षांपूर्वी, ओढ्याकाठची केवड्याची बनं माणसाच्या डोक्यावरून जायची तेव्हा, खालच्या वाडीत पुनाजी कातारी राहत असे. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचे भोवरे, बाहुल्या, तान्ह्या बाळांच्या चोखण्या तो करी. दोरीनं लाकूड गरगर फिरवायचं, त्यावर रंगीत लाखेची कांडी टेकवायची; घासून ऊब आली की लाख वितळून अंगभर पसरे. वरून केवड्याचं पान दाबून धरलं की चकाकी येई. पुनाजीच्या चकाकीत आभाळातली घार दिसायची आणि कोंबड्या पिल्लं घेऊन पळायच्या, असं म्हणतात.

वस्तू हातात आली की तो एकच विचारी, "खयचो रंग लावूया?" आणखी काही विचारायची त्याला सवय नव्हती.

एकदा वरच्या वाडीची शेवंती जुनी चोखणी घेऊन आली. बिनरंगाची, काळवंडलेली. "पुनाजीकाकानू, हिका कीड लागाक देव नकात. ही ऱ्हवाक होयी," एवढंच ती म्हणाली. तिची लेक थंडीत गेली होती, हे पुनाजीला ठाऊक होतं. म्हणून त्यानं जीव ओतला. लाकडावरच्या दोन खळ्या लाखेनं बुजवल्या, तांबड्या लाखेचे सात थर दिले, पान फिरवलं. इतकं देखणं काम त्याच्या हातून आधी झालं नव्हतं.

शेवंतीनं चोखणीवर बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"काकानू, माज्या चेडवाचे दात खंय गेले?"

पुनाजीनं चोखणी परत हातात घेतली. आतून बायको म्हणाली, "रंग तेवडो इचारलात. खळी कसली, ता इचारूक तोंड नाय होता?"

खरवडावं, तर खुणाही जातील. विस्तवावर धरावं, तर लाकूड करपेल. उबेनं चढलेली लाख उबेनंच उतरेल, असं पुनाजीच्या मनात आलं. त्यानं चोखणी दोन्ही तळव्यांत मिटली आणि ओट्यावर बसला. ओंजळ उघडली नाही. बायको घास भरवी. "आता तुमकाच चोखणी होयी," म्हणे आणि भरवत राही.

दिवस गेले. केवडा फुलला, वाळला. लाख थेंबाथेंबानं बोटांमधून गळत राहिली आणि तळव्यांवरच्या रेषा तिच्याबरोबर वाहून गेल्या, असं म्हणतात. ओट्याजवळून जाणाऱ्याला झोपलेल्या तान्ह्या मुलाच्या श्वासासारखा आवाज येई. माणसं पावलं हळू टाकत.

एकविसाव्या दिवशी पुनाजीनं शेवंतीला बोलावलं आणि तिच्यासमोर ओंजळ उघडली. लाकूड कोरं होतं. तांदळाच्या दाण्याएवढ्या दोन खुणा जागच्या जागी होत्या.

"बाय," त्यानं विचारलं, "आता काय लावूया?"

"चेडवाक मी घरचा खोबरेल लावी," शेवंती म्हणाली.

तिनं थेंब टाकला, त्यानं अंगठ्यानं चोळला. ते लाकूड पुढे कधी गार पडलं नाही, असं म्हणतात.

अजूनही त्या वाडीतले कातारी दोरीला हात लावण्याआधी विचारतात, "ह्या कोणासाठी?" आणि उत्तर येईपर्यंत थांबतात. खेळणं कितीही रंगवलं तरी अंगठ्याएवढी जागा लाखेवाचून सोडतात. त्या जागेला पुनाजी म्हणतात. तिथं तेलाचा थेंब घरच्या माणसानंच चोळायचा. मग ज्याच्या खुणा उमटायच्या, त्याच्या तिथं उमटतात.