भागीच्या गुत्त्यात एकट्याला ताट का मिळत नाही

बाहेरच्या पाटीवर 'हॉटेल सागरकिनारा, परमिट रूम' असं लिहिलंय, पण ती पाटी सरकारसाठी. खारवलीत कोणालाही विचारा, तो ह्या जागेला भागीचा गुत्ताच म्हणेल. भिंतीला टीव्ही आला, फ्रीज आला, तुमच्यासारख्यांसाठी चिकन चिली आली. दोन गोष्टी मात्र तशाच राहिल्या. एक, इथं एकट्याला ताट मिळत नाही, दोघांत मिळून एकच परात येते. आणि दुसरी, त्या परातीत आधी एक अख्खा भाजलेला बांगडा येतो, न कापलेला. मग तुम्ही बिअर मागवा नाहीतर माडी.

तुम्ही तिघं आलात. दोघांचं जमलं आणि तिसऱ्याला माझ्यासारख्या अनोळखी म्हाताऱ्याच्या परातीवर बसावं लागलं, म्हणून तुमचा चेहरा पडलाय. पोऱ्यावर चिडू नका, पाहुणे, त्याचा दोष नाही. मालकाचाही नाही. बांगडा निखाऱ्यावर आहे, तो यायला वेळ लागेल. तेवढ्यात हे असं का, ते सांगतो.

ही गोष्ट फार जुनी. तेव्हा खाडीवर पूल नव्हता आणि ह्या जागी माडाच्या झावळ्यांनी शाकारलेली एक पडवी होती. धाकू नावाचा माणूस माडावर चढून माडी काढायचा आणि त्याची बायको भागी ती इथं विकायची. माडीबरोबर तिच्या हातचं काहीतरी असायचंच. काळ्या वाटाण्याची उसळ, तिसऱ्यांचं म्हणजे शिंपल्यांचं सुकं, निखाऱ्यावरचा बांगडा. भागीच्या हाताला अशी चव होती म्हणे, की न पिणारेही संध्याकाळी इकडे वळायचे आणि घरी सांगायचे, वाऱ्यावर बसलो होतो.

धाकूचा जिवाभावाचा सोबती नारबा. तो खाडीपलीकडचा, स्वतःची होडी असलेला. धाकूची माडीची मडकी तो होडीतून पलीकडच्या बाजारात न्यायचा. रोज संध्याकाळी दोघं समोरासमोर बसून एका परातीत खायचे. बाकीची गिऱ्हाइकं आपापल्या पानावर जेवायची, ह्या दोघांचीच परात एक. भागी त्यावरून त्यांची चेष्टा करायची, की माझं लग्न नक्की कोणाशी झालंय.

एका संध्याकाळी त्या दोघांचं भांडण झालं. कशावरून, ते कोणी नीट सांगत नाही. कोणी म्हणतं मडक्यांच्या भाड्यावरून, कोणी म्हणतं माडी जरा जास्त झाली होती, एवढंच. पण आवाज चढले ते सगळ्यांनी ऐकले. धाकू परातीवरून अर्धा उठला आणि म्हणाला, तुझं तोंड पुन्हा बघणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र मडकी भरलेली होती, माडी काय कोणाच्या रागासाठी थांबत नाही, आंबायला लागते. दोघं न बोलता होडीत बसले. खाडी समुद्राला मिळते तिथं वाळूची पट्टी आहे, भरतीच्या वेळी तिथं लाटा फुटतात. त्या पट्टीवर होडी उलटली. नारबा किनाऱ्याला लागला. धाकू लागला नाही, त्याचा देहही मिळाला नाही.

आदल्या संध्याकाळी भांडण आणि सकाळी माणूस नाहीसा. लोकांना ह्यापुढं काही सांगावं लागत नाही, बाकीचं ते स्वतःच जुळवतात. त्यात नारबा गप्प. तो सांगायला आला नाही, समजूत घालायला आला नाही, दिवसकार्यालाही आला नाही. घराचं दार लावून बसला. गप्प बसलेल्या माणसाला कोणी निर्दोष समजत नाही.

धाकूला एक धाकटा भाऊ होता, रवळू. वडील लवकर गेले, त्याला धाकूनंच वाढवलं. आपल्या ताटातला घास त्याच्या ताटात टाकून वाढवलं म्हणतात, आणि ते खरं असावं, कारण पुढं जे झालं ते तशा पोरालाच सुचतं. दहाव्याला खाडीच्या काठावर पिंड ठेवला. कावळे माडावर बसून राहिले, एकही खाली उतरेना. भागीला सांभाळू म्हणून सांगून झालं. रवळूचं लग्न लावून देऊ म्हणून सांगून झालं. कावळा शिवला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून वेळ निभावून न्यावी लागली. तेव्हा रवळूनं सगळ्यांसमोर शपथ घेतली, की माझा भाऊ उपाशी गेला, आता नारबाला संपवल्याशिवाय मीही अन्नाला शिवणार नाही.

अन्नाला शिवणार नाही म्हणाला. माडीचं नाव शपथेत नव्हतं. तेरावं झालं, गुत्ता उघडला आणि रवळू दारातल्या बाकावर माडी काढायचा कोयता मांडीवर घेऊन बसला. पोटात अन्न नाही, वर माडी. डोळे लाल, गालफडं आत गेलेली. लोक येत, त्याच्याकडे न बघता पीत आणि लवकर उठत. भागी चुलीपुढं. तिच्या मनात काय होतं ते कोणाला कळत नव्हतं. नवरा गेला होता, आणि आता दीर खून करून फासावर जायची वाट बघत होता. तो गेला, की तिच्या घरात पुरुष म्हणून कोणी उरणार नव्हता. पण ती त्याला आवरतही नव्हती. कारण तिलाही ठाऊक नव्हतं की तिचा नवरा बुडाला की बुडवला.

मग एके दुपारी खाडीत होडी दिसली. एकच माणूस वल्हवत होता.

नारबा उतरला, होडी बांधली, चालत आला. पळून जायला त्याला अख्खा समुद्र मोकळा होता, पण तो इथं आला. रवळूच्या बाकासमोरून आत शिरला आणि आपल्या जुन्या जागेवर जाऊन बसला. त्या घटनेपासून त्याच्याही पोटात अन्न टिकत नव्हतं असं सांगतात. बघणाऱ्यांना त्याची हाडं मोजता आली असती.

रवळू कोयता घेऊन उठला.

भागी चुलीपुढून म्हणाली, "काय व्हया?"

नारबा म्हणाला, "जेवूक इलंय."

आता ह्या गुत्त्याची एक रीत होती, आणि ती भागीनं नव्हे, खुद्द धाकूनं घातली होती. पानावर बसलेल्या माणसावर कोणी हात उगारायचा नाही, मग तो कोणीही असो. दारूच्या जागी अशी रीत लागतेच. भागीनं परात उचलली आणि दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"रवळू, ह्यां तुझ्या भावाचां घर आसा. पानार बसलेल्याक हय कोण हात लावचो नाय."

रवळू थांबला. भावाचीच रीत मोडून भावाचा सूड कसा घ्यायचा, हे त्याला कळेना. भागीनं परात नारबापुढं ठेवली. रवळू परातीच्या पलीकडे, धाकूच्या जागेवर बसला, कोयता जमिनीवर टेकवला आणि म्हणाला, "खा. खावन झाला की भायर ये."

म्हणजे ताट संपेपर्यंतच त्या माणसाचं आयुष्य होतं. हे सगळ्यांना कळलं, आणि भागीला सगळ्यांच्या आधी. तिनं उसळ वाढली. नारबानं हात लावला नाही, नुसता बघत बसला. तिनं तिसऱ्या वाढल्या. भात वाढला. कुळथाची पिठी वाढली. गिऱ्हाइकांपैकी कोणी उठून गेलं नाही आणि कोणी मध्येही पडलं नाही. लोक पुढं म्हणू लागले, की भागी त्याचा जीव वाचवायला वाढत होती. माझं मत वेगळं आहे. तिला आधी ऐकायचं होतं. ऐकून खोटं वाटलं असतं, तर तिनं हात आखडता घेतला असता आणि मग जे व्हायचं ते झालं असतं. ती काही देवी नव्हती, पाहुणे. जिचा नवरा गेला अशी बाई होती.

वाढता वाढता तिनं विचारलं, "माझो घोव कसो गेलो?"

नारबा म्हणाला, "होडी उलाटली. त्याचो पाय मडक्यांच्या दोरयेत अडाकलो. हात माझ्या हातात होतो."

"मगे?"

"मगे नाय होतो."

रवळू पुढं वाकला. "सुटलो काय तू सोडलंस?"

इथं खोटं बोलणं किती सोपं होतं बघा. सुटला म्हणायचं, शपथ घ्यायची, रडायचं. नारबानं मान खाली घातली.

"माका ठावक नाय. रोज इचारतंय माकाच."

रवळूची बोटं कोयत्याच्या मुठीवर आवळली. त्याला हवं होतं ते मिळालं होतं, आणि मिळालंही नव्हतं. पण रिकाम्या पोटी माणूस फार खोलात जात नाही. तो उठू लागला, पण ताट अजून संपलं नव्हतं, म्हणून पुन्हा टेकला. भागी चुलीकडे गेली. भांडी रिकामी झाली होती, निखाऱ्यावर एकच बांगडा उरला होता.

आता नीट ऐका. भागी बांगडा नेहमी कापून वाढायची. डोकं, मधला भाग, शेपूट, असे तीन तुकडे. तिच्या हाताची ती सवय होती. त्या दिवशी तिनं तो अख्खा आणून परातीत मधोमध ठेवला आणि म्हणाली, "आता चुलीर कायएक नाय. ह्यो शेवटचो." हे तिच्याकडून गडबडीत झालं असं काहीजण मानतात. मला विचाराल तर तिनं ते मुद्दाम केलं.

नारबानं हात धुतले नव्हते, ते धुतले. आता वाढायचंही काही उरलं नाही, तर खाऊन उठू, असं त्याला वाटलं असेल. त्यानं बांगडा मोडला. डोकं वेगळं केलं आणि परातीत पलीकडच्या कडेला, समोरच्या जागेपुढं सारलं. मग शेपटीकडचा तुकडा आपल्याकडे ओढला आणि घास घेतला. आपण काय केलं ते त्याच्या ध्यानातही आलं नाही. हात आपला आपणच गेला होता.

धाकूला बांगड्याचं डोकं आवडायचं. घरी तोच खायचा, रवळूला लहानपणी मागूनही मिळायचं नाही. भागीला ते ठाऊक होतं आणि रवळूलाही. आणि आता ते डोकं रवळूच्या पुढ्यात येऊन पडलं होतं, त्याच जागी, जिथं रोज संध्याकाळी येत होतं. भांडणाच्या संध्याकाळीही आलं असणार. ज्यानं मनात ठेवून मारलं, त्याचा हात त्या माणसाचा वाटा असा काढत नाही. हे कोणी बोलून दाखवलं नाही. भागी मात्र खाली बसली आणि नवरा गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं रडली.

तिचं रडणं ऐकून नारबानं वर बघितलं. मग परातीकडे बघितलं. तेव्हा त्याला कळलं, आणि तोंडातला घास तोंडातच राहिला.

रवळूनं ते डोकं उचललं. कोयता तिथंच टाकून तो बाहेर गेला आणि समोरच्या गडग्यावर, त्या दगडी कुंपणावर, त्यानं ते ठेवलं. हात मागं घ्यायच्या आत कावळ्यानं झडप घातली. इथले लोक हे फार भक्तिभावानं सांगतात. मी खाडीकाठी जन्म काढलाय. खाडीवरचा कावळा माशाचं डोकं सोडेल, हे मी आजवर पाहिलं नाही. पण त्या दिवशी रवळूला काय वाटलं असेल, ते मी नाकारणार नाही.

तो आत आला, पुन्हा त्याच जागी बसला. परातीत बांगड्याचा मधला भाग उरला होता. भागी डोळे पुसत म्हणाली, "रवळू, जेव." आणि तो जेवला, त्याच परातीत, नारबाच्या समोर. दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. त्या दिवशी नाही आणि पुढं कितीतरी दिवस नाही. तरी नारबा रोज संध्याकाळी होडी घेऊन यायचा, रवळू समोर बसायचा, आणि बांगडा मोडला की डोकं पलीकडे जायचं. रवळूला डोकं मुळीच आवडायचं नाही, असं त्याचे वंशज सांगतात. तो मरेपर्यंत खात राहिला.

भागीनं त्यानंतर गुत्त्यात कोणालाच वेगळं पान वाढलं नाही. कोणी कुरकुर केली तर सांगायची, एकट्यानं जेवायचं तर घरी जेवा.

आजही बांगडा इथं अख्खाच येतो. आजही जमिनीच्या वाटण्या करून कोर्टात गेलेले भाऊ इथं येतात, निवडणुकीत एकमेकांची डोकी फोडायला निघालेले येतात, आणि त्यांना कोणी विचारत नाही की तुमचं पटतं का. परात एकच येते. सगळ्यांचं मिटतं असं नाही. काहीजण खाऊन उठतात आणि बाहेर जाऊन पुन्हा भांडतात. पण परातीवर अजून कोणाचा हात उठलेला नाही. दाराजवळ खुंटी आहे ना, तिथं पूर्वी कोयते टांगायचे, आता पोरं मोटरसायकलच्या चाव्या टांगतात. आणि तिकडे गडग्यावर बघा, कावळा येऊन बसलाय. तो रोज येतो, त्याला वेळ ठाऊक आहे.

आला बघा आपला बांगडा. गरम आहे, जपून. मी म्हातारा, माझी बोटं आता चालत नाहीत, तेव्हा तुम्हीच मोडा. माझ्याकडे बघू नका. डोकं कोणाच्या बाजूला ठेवायचं, ते मी सांगणार नाही.