वादळच्या कानातला बिल्ला

गाव हल्ली आपल्याआधी नर्सबाईंना नमस्कार करतं, हे सरपंच भुजंगरावांना सलत होतं. म्हणून गोवराची साथ असतानाही भर ग्रामसभेत ते कडाडले, "लशीची सक्ती कसली? माझ्या नातीला सुई लागणार नाही. देवानं दिलेलं अंग खंबीर आहे!"

नर्स यमुनाबाईंनी विचारलं, "आबा, तुमच्या शर्यतीच्या बैलाच्या, वादळच्या कानात पिवळा बिल्ला कसला?"

"लाळ्या-खुरकुताची लस टोचल्याचा! डॉक्टरला मीच बोलावलं. असल्या बैलाच्या जिवाशी कोण खेळेल?"

"मग नातीलाही गोठ्यातच बांधा, आबा. तुमच्याकडं जिवाची काळजी तिथंच घेतात."

सभा खदखदून हसली. आबांची सून तेवढी हसली नाही. लेकीला कडेवर घेऊन ती लशीच्या रांगेत पहिली उभी राहिली आणि तिनं सासऱ्यांच्या देखत वाकून नमस्कार केला, तो यमुनाबाईंना.