कोसभर आवाजाचं हेल्मेट

हेल्मेटं आपसात बोलायची त्या काळची गोष्ट. मच्छिंद्रच्या फटफटीवर दोन हेल्मेटं असायची. थोरलं त्याचं, धाकटं बायकोचं, शेवंताचं. गाडीवर दोघांना बोलता यावं म्हणून ब्लूटूथ बसवायचं ठरलं.

धाकटं म्हणालं, "दादा, हातभर ऐकू येणारं घेऊ. बाई मागंच तर बसती."

"लोकं हसतील," थोरलं फुगून म्हणालं. "कोसभर आवाज जाणारंच पायजे." अन् त्याचंच चाललं.

जत्रेला निघाले. वाटेत टपरीवर चहा झाला. शेवंतानं हेल्मेट चढवलं, पण ती बसायच्या आधीच मच्छिंद्रनं गाडी काढली.

"अवो, थांबा की. मी टपरीवरच हाय."

आवाज तर अगदी कानाशी. मच्छिंद्र कशाला मागं बघतोय? "आत्ताच पिलीस ना चहा? गप बस आता."

"अवो, मी मागं ऱ्हायले."

"मागंच बसत्यात बायका."

थोरलं घाबरलं. तेवढ्यात कोस सरला अन् आवाज बंद पडला.

"बसली एकदाची गप," म्हणत मच्छिंद्रनं शीळ घातली.

थोरल्याला लई वाटलं मागं वळावं. पण मान मच्छिंद्रची होती.