बाळंतिणीच्या खोलीतली ओल

वेंगुर्ल्याचे कापडवाले भानूशेट पेडणेकर पुरते गोंधळले होते. नव्या घराची एक भिंत आषाढातच पाझरू लागली होती, आणि त्याच खोलीत श्रावणात लेक बाळंतपणाला यायची होती. घर बांधणाऱ्या ठेकेदाराला, खानविलकरांना, त्यांनी भिंत दाखवायला बोलावलं.

"अहो शेट, कोकणात ओल असायचीच," खानविलकर रुबाबात म्हणाले. "लेकीला घेऊन सरळ सोलापूरला जा. कोरडी हवा, झकास गाव."

विचारलं भिंतीचं आणि उत्तर मिळालं गावाचं, हे काही शेटना उमगेना. तरी त्यांनी ट्रंक खाली काढली.

बायको राधाक्का म्हणाल्या, "जातो की. पण नव्या घरात तिन्हीसांजेला दिवा लागायला हवा. तोवर भाऊजी, तुम्हीच इथे राहायला या. तुमच्या नातवाला याच खोलीत झोपवा, ऐसपैस आहे."

"छे हो वहिनी, या ओलीत? पोर आजारी पडेल," खानविलकर बोलून गेले.

"आमच्याकडेही पोरच जन्माला यायचंय, भाऊजी. बेडूक नव्हे."

दुसऱ्या दिवशी उघडीप मिळताच गवंडी कामाला लागले. शेट मात्र ट्रंकेवर बसून विचारत होते, "मग सोलापूरला जायचंय कुणाला?"