लगोरीतली धाकटी मुले

एका गावात देवळामागे मोकळी जागा होती. संध्याकाळी तिथे लगोरीचा डाव रंगे. बारा-तेरा वर्षांची मुले खेळत आणि चार-पाच वर्षांची चिल्लीपिल्लीही. ती लिंबूटिंबू. चेंडू लागला तरी ती बाद होत नसत.

रंगा त्या सगळ्यांचा म्होरक्या. जत्रेत शेजारच्या गावाशी सामना ठरला, तेव्हा तो म्हणाला, "आजपासून लिंबूटिंबू बंद. नुसती पायात पायात येतात."

खेळणाऱ्यांतल्या हौसाचा चेहरा उतरला. आई शेतातून येईपर्यंत धाकट्या भावाला, सोपानला, तिलाच सांभाळावे लागे.

"त्याला पारावर बसव आणि ये," रंगा म्हणाला.

"एकटा बसायचा नाही तो. रडेल."

"मग तू पण बस!"

हौसा बसली. लगोरी तिच्याइतकी भराभर कोणालाच रचता येत नसे. आता ती सोपानला मांडीवर घेऊन नुसती बघत राही.

मैदान मोकळे झाले, पण खेळ बिघडला. जो तो अंगातला सगळा जोर काढून चेंडू फेकू लागला. कधी तो काटेरी कुंपणात जाई, कधी कोणाच्या नडगीवर बसे. "लागला!" "नाही लागला!" यातच अंधार पडे. एके दिवशी दोघे लंगडत घरी गेले आणि पुन्हा आलेच नाहीत.

"आपला नेम गेला कुठे?" रंगा वैतागला.

"पूर्वी तू बघून मारायचास," पारावरून हौसा हळूच म्हणाली. "मध्ये ही पोरं असायची ना."

"आली मोठी शिकवणारी!" कोणीतरी हसले.

रंगा हसला नाही. सगळ्यांच्या देखत तो पाराशी गेला आणि सोपानसमोर उकिडवा बसला. "चुकलं माझं. येतोस खेळायला?"

"मारशील?"

"हळू मारीन."

"हळू पण नको!"

पुन्हा डाव मांडला. हौसा लगोरी रचू लागली. रंगाने चेंडू उगारला, तेवढ्यात सोपान मध्ये आला. रंगा थांबला. एक पाऊल बाजूला सरकला, नीट बघितले आणि चेंडू सोडला. तो हौसाच्या पाठीला अलगद लागला.

"लागला!" कोणी विचारायच्या आत हौसाच ओरडली.

सगळ्यांत जोरात टाळ्या सोपानने वाजवल्या. आपलीच ताई बाद झाली, हे त्याला कळलेच नव्हते.

तात्पर्य: मोठ्यांबरोबर खेळून लहान मुले खेळ शिकतात आणि लहानांना सांभाळून घेताना मोठी मुले नीट खेळायला शिकतात.