हरकारा आणि राजाचा चित्ता

फार पूर्वी एका डोंगराळ मुलखात एक हरकारा राहत होता. राजाचे निरोप पळत जाऊन पोचवायचे, हे त्याचं काम. खाणं साधं: नाचणीची भाकरी, मटकीची उसळ, वर गूळ-शेंगदाणे. मांसाला त्याने जन्मात हात लावला नव्हता.

राजाला मात्र आपल्या पाळीव चित्त्याचा भारी अभिमान. एकदा भर दरबारात हरकाऱ्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, "माझा चित्ता मांस खातो, म्हणून वाऱ्यासारखा पळतो. हा पालापाचोळा खाणारा काय पळणार? उद्या दुपारी याच्यामागे चित्ता सोडा. टेकडीवरच्या देवळात पोचला तर वाचला. नाही पोचला तर…" दरबारी खो खो हसले. राजाचं डोकं ते! त्यात कधी काय शिरेल याचा नेम नाही.

हरकारा घाबरून घरी आला. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. जरा खुट्ट झालं की तो दचकून उठून बसायचा.

सकाळी राजाचा आचारी थाळा घेऊन आला. मटणाचा रस्सा, वर तुपाचा तवंग. "खा बाबा, चित्त्याचं बळ येईल," म्हणाला आणि गेला.

हरकाऱ्याने थाळ्याकडे हात पुढे केला. बायकोने तो धरला.

"अहो, हे कधी खाल्लंय का तुम्ही? आणि आजच पोटाची परीक्षा घ्यायची?"

"अगं, मग करू काय? फाडून खाईल तो मला!" हरकारा रडकुंडीला आला.

"चित्त्याच्या तावडीतून निसटतं कोण? हरीणच ना? ते काय मटण खातं?" बायको म्हणाली. तिने त्याच्यापुढे रोजची भाकरी-उसळ ठेवली. पाण्याच्या घोटाबरोबर त्याने एकेक घास ढकलला.

दुपारी ऊन रणरणत होतं. राजाने त्याला वडाच्या झाडापर्यंत पुढे जाऊ दिलं आणि चित्त्याची साखळी सोडली. हरकारा जीव मुठीत धरून धावला. मागे पाचोळा सळसळला. मग धापा ऐकू आल्या, अगदी पाठीशी! आता पंजा पडणार, आता दात रुतणार! डोळ्यांत पाणी आलं, पण पाय थांबले नाहीत. चढ लागला तरी त्याचा दम टिकला. हळूहळू मागचा आवाज विरला.

देवळाच्या पायरीवर कोसळल्यावर त्याने वळून पाहिलं. चित्ता चढाच्या पायथ्याशी जीभ बाहेर काढून पडला होता. सगळा जोर त्याने एका दमात संपवला होता.

राजा घोड्यावरून आला. "काय रे, भीती नाही वाटली?"

"वाटली ना महाराज! पण सकाळी त्या भीतीचं ऐकून तुमच्या आचाऱ्याचं मटण खाल्लं असतं, तर वडापाशीच पोट धरून बसलो असतो आणि तुमच्या चित्त्याचं जेवण झालो असतो."

राजाची मान खाली गेली. पुन्हा कुणाच्या ताटावरून त्याचं बळ मोजायचा त्याला धीर झाला नाही.

तात्पर्य: ज्या भाजी-भाकरीने अंग पोसलं, तीच कसोटीच्या दिवशी तारते, घाबरून तिची साथ सोडू नये.